भिंतीकडे तोंड करून

१

एक होता चष्मेवाला, एक होती त्याची बायको आणि एक होती त्यांची लेक. चष्मेवाल्याचं दुकान खाली, घर वर, आणि मध्ये लाकडी जिना. तो लोकांच्या डोळ्यांना काचा बसवायचा, बायको गोष्टी लिहायची, आणि लेक, जिला सगळे टिल्लू म्हणायचे, ती दोघांच्या चुका काढायची. खाऊनपिऊन बरं चाललं होतं. भांडणं व्हायची, नाही असं नाही, पण जेवायला बसेपर्यंत ती विरून जायची.

बायकोच्या गोष्टी एका मासिकात छापून यायच्या. जावाजावांच्या, नणंदेच्या, समोरच्या काकूंच्या. वाचणाऱ्या बायका म्हणायच्या, हिने आमच्याच घरात डोकावून लिहिलंय की काय! पण ती लिहायची कशी, हे बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. ती एक घरातल्या घरातली रीत होती, लग्नानंतर चेष्टेचेष्टेत सुरू झालेली.

दुपारी दुकानाचं दार लागलं, जेवणं आटोपली, की मधल्या खोलीत कपाटाशेजारी एक स्टूल ठेवायचं. त्यावर चष्मेवाल्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं. बायको मागे खाटेवर, हातात काहीतरी शिवण. ती म्हणायची, "आता तुम्ही माझी मोठी जाऊ." झालं, तो जाऊ. ती विचारेल त्याचं उत्तर त्याने जाऊ होऊन द्यायचं. तोंड भिंतीकडे अशासाठी, की समोरासमोर बसलं तर दोघांनाही हसू आवरायचं नाही. ह्याला ती जबाब म्हणायची. जबाब संपला की म्हणायची, "उठा आता," आणि हा पुन्हा चष्मेवाला.

माणूस त्यात पटाईत. एकदा सासू होऊन त्याने असा काही रुसवा धरला, की संध्याकाळी बायकोने भीतभीत विचारलं, "अहो, गेला का राग?"

"कसला राग?"

"काही नाही. सासूबाईंना विचारत होते."

२

एक दिवस मासिकाचे संपादक चष्म्याची दांडी बसवून घ्यायला दुकानात आले. चहा प्यायला वर आले आणि पेल्यात बघत म्हणाले, "वहिनी, रागावू नका. पण तुमच्या गोष्टीतली भांडी आता फार वाजली. किती वर्षं त्याच स्वयंपाकघरात फिरणार? दार उघडा की जरा."

"मला दुसरं काय माहीत आहे, भाऊ? हे घर आणि माहेरचं घर."

"जे घडलं तेवढंच लिहायचं, तर गोष्ट कशाला लिहायची? जे तुमच्यावर आलं नाही, ते लिहून दाखवा. मासिकात नको, अख्खं पुस्तक द्या. मी छापतो."

पुस्तक म्हटल्यावर बाईच्या तोंडावर जो उजेड आला, तो चष्मेवाल्याने पाहिला. मासिक रद्दीत जातं. पुस्तक कपाटात राहतं. एवढी एकच हाव तिला आयुष्यात होती, आणि ती तिने कधी बोलून दाखवली नव्हती.

संपादक गेल्यावर ती पेले विसळता विसळता थांबली. म्हणाली, "मला कुणी सोडून गेलं नाही. मीही कुणाला सोडलं नाही. तर मला तोच माणूस हवा. बायको आणि मूल टाकून निघून गेलेला."

"वा! म्हणजे गोष्टीत तरी मला घराबाहेर पडायला मिळणार," चष्मेवाला म्हणाला, आणि पाण्याचा शिंतोडा खाऊन हसत खाली गेला.

दुसऱ्या दुपारी स्टूल मांडलं. भिंत पांढरी, चुन्याची, त्याच्या ओळखीची. मागे सुई टोचल्याचा बारीक आवाज.

"तुमचं घर कसं होतं?" बायकोने विचारलं.

काहीतरी ठोकून देऊ, असं मनात धरून त्याने तोंड उघडलं. "तिसऱ्या मजल्यावर. जिन्याचा कठडा शेवटच्या वळणावर तुटलाय, तिथे दोरी बांधलीय. भिंत हिरवी आहे, पण खांद्यापर्यंत ओल चढून रंगाला फोड आलेत. नळ सोडला की आधी हवा येते, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी. दिव्याचं बटण दारापाशी डावीकडे, फार खाली. आधी तिथे कुणी बुटका राहत असावा."

सुई थांबली. "अगंबाई! हे कुठून आणलंत?"

"आलं तोंडात, बाई."

"बाई काय म्हणता? मी काय तुमची गिऱ्हाईक?" ती खळखळून हसली. तोही हसला. पण त्याच्या लक्षात आलं, की तो शब्द आपण मुद्दाम म्हटला नव्हता. अनोळखी बाईला म्हणावं तसा तो आपसूक बाहेर पडला होता.

३

त्याच संध्याकाळी खोलीत शिरताना त्याचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. डावीकडे. खाली. तिथे भिंत होती, नुसती भिंत. चष्मेवाला अंधारात उभा राहून ती चाचपत होता. बटण उजवीकडे, डोक्याच्या उंचीवर, जिथे ते इतकी वर्षं होतं तिथे.

तो मनाशी हसला. नवा चष्मा घातलेल्या गिऱ्हाइकाला तो रोज सांगायचा, "जमीन वर आल्यासारखी वाटेल, पायरी चुकेल. घाबरू नका. डोळा नवं शिकला की जुनं आपोआप जागेवर बसतं." तसंच हे. एवढं घोकून बोललो, हाताने लक्षात ठेवलं. बसेल जागेवर.

बसलं मात्र नाही. आपलाच जिना चढताना वरच्या टोकाला त्याचा हात हवेत काहीतरी धरायला जाई.

"बाबा, काय पकडताय?" टिल्लूने विचारलं.

"माशी."

"माशी अशी मुठीने पकडतात? दोरी धरल्यासारखी?"

नळ सोडला की तो पाण्याखाली हात धरायचाच नाही. आधी खोकला येईल म्हणून थांबायचा. पाणी मुकाट्याने यायचं आणि वाहून जायचं. बायको ओरडायची, "अहो, नळाकडे बघत काय बसता, तो काय तुमच्याशी बोलणार आहे?"

ह्या सगळ्याला तो एकेक कारण लावत गेला. थकवा आहे. वय आहे. दिवसभर बारीक स्क्रू बघून डोकं असंच चालतं. कारणं चांगली होती, आणि एकेकटी घेतली तर पटायचीही.

मग एका सकाळी टिल्लूची वेणी घालताना तो म्हणाला, "कान अजून दुखतो का गं?"

"कुणाचा? माझा?" टिल्लू वळली. "माझा कान कधी दुखला?"

त्याचा हात वेणीत तसाच राहिला. कान दुखतो, हे त्याला ठाऊक होतं. रोज दुपारी दुखतो, कापसाचा बोळा लागतो, बोळा घालताना मूल पाय ताठ करतं. हे सगळं त्याला आपल्या हाताच्या रेषांसारखं माहीत होतं. फक्त ते मूल टिल्लू नव्हतं.

दुकान उघडायच्या आधी त्याने बायकोला गाठलं. "जबाबात मी मुलाच्या कानाचं काही बोललो का गं?"

"नाही हो. मूल आहे, एवढंच. मुलगा की मुलगी, तेही अजून सांगितलं नाहीत." मग ती चमकली. "कानाचं? छान आहे हो. बोला की आज."

४

दुपारमागून दुपार जात राहिली. आता तो उत्तरं शोधत नव्हता. बायकोचा प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर निघायचं, आणि कधी कधी तर असं उत्तर, ज्याचा प्रश्न तिला सुचलाही नव्हता. ती बाई रात्री भांडी हळू ठेवते, कारण शेजारी ऐकून हळहळतात. मूल मुलगा आहे. जिन्यात पाऊल वाजलं की तो बोलता बोलता थांबतो, पाऊल दुसऱ्या मजल्यावर वळलं की पुढे बोलायला लागतो.

एकदा बायको म्हणाली, "उठा आता," आणि तो उठला नाही. तिने तीनदा म्हटलं. मग खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकून असा काही आक्रसला, की तिने हात मागे घेतला.

पुस्तक मात्र भरभर पुढे चाललं होतं. संपादकांनी अर्धं वाचलं आणि भर रस्त्यातून वर बघून ओरडले, "वहिनी, हे तुम्हीच लिहिलंय ना?" बायकोची चालच बदलली. जिना उतरताना गुणगुणायची. इतकी आनंदात तिला त्याने लग्नातही पाहिलं नव्हतं.

म्हणून त्याने बरेच दिवस कळ काढली. शेवटी एका दुपारी स्टूल मांडलेलं बघून तो दारातच थांबला. "मला आता नाही बसवत."

"अर्धं झालंय. आता सोडू? होतंय काय तुम्हाला?"

"कुणीतरी वाट बघतंय असं वाटतं."

"कोण?"

"ती. जिला मी टाकून आलोय."

बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काळजी आली, खरीच आली, आणि तिच्या पाठोपाठ दुसरंही काहीतरी आलं.

"कसं वाटतं?" ती हळूच म्हणाली. "म्हणजे, छातीत की पोटात? सांगा ना. मला नेमकं तेवढंच लिहिता येत नाहीये."

५

काचा घासून देणारा कारागीर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. चष्मेवाला तिकडे महिन्यातून एकदा तरी जायचा; रस्ता पायाखालचा. त्या दिवशी भर दुपारी, उन्हात, हातात काचांची पेटी घेऊन तो निघाला, आणि एका वळणावर त्याच्या लक्षात आलं, की आपण वळलो आहोत. वळायचं नव्हतं. तरी पाय काही अडखळले नाहीत, घरी जाणाऱ्याचे जसे जातात तसे गेले.

इमारत साधी होती. तळमजल्याला कुलूपवाल्याचं दुकान, बाहेर वाळत घातलेल्या चादरी. अशा शंभर इमारती असतात, तो स्वतःला म्हणाला. वर जाऊन बघू, दोरी नसेल, खाली येऊ, आणि आपल्याच मूर्खपणावर हसू.

दोरी होती. हातांनी धरून धरून काळी, गुळगुळीत झालेली.

दार अर्धवट लोटलेलं होतं. आत नळ खोकला आणि मग पाणी सुरू झालं. फटीतून हिरव्या भिंतीची एक उभी पट्टी दिसत होती, आणि त्या पट्टीत जमिनीवर बसलेल्या एका बाईची पाठ. तिच्या मांडीवर एक मुलगा आडवा पडला होता. ती त्याच्या कानात कापूस सारत होती. मुलाने पाय ताठ केले होते.

मुलाचं तोंड दाराकडे होतं. त्याने चष्मेवाल्याला पाहिलं. घाबरला नाही, ओरडला नाही. उशीर झालेल्या माणसाकडे बघून हसतात तसं थोडंसं हसला.

"कोण आहे रे दारात?" बाईने मान न वळवता विचारलं.

मुलगा त्याच्याकडे बघतच म्हणाला, "अजून नाही आले."

चष्मेवाला जिना कसा उतरला, त्याला ठाऊक नाही. काचांची पेटी कुठेतरी आपटली असावी. घरी पोचला तेव्हा आत नुसता चुरा खुळखुळत होता.

६

त्याने बायकोला ह्यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने लिहिलं असतं. फक्त म्हणाला, "गोष्ट संपव. त्या माणसाला घरी आण."

"असे पुरुष परत येत नाहीत हो."

"तुला काय माहीत? तुला कोण सोडून गेलंय?"

हे तिला लागलं. तिने उठून स्टूल कपाटाशेजारी ओढलं. मग म्हणाली, "खरंय. नाही माहीत मला. सोडून जाणं तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं, परत येणंही तुम्हीच सांगा. बसा. शेवटचाच जबाब."

चष्मेवाल्याने मनाशी पक्कं ठरवलं होतं. माणूस एकदा घरी आला, दार आतून लागलं, की वाट बघणारं कुणी उरत नाही. आणि घर म्हणजे कुठलं, हे सांगणारा मीच आहे. तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि एकेक शब्द पारखून बोलू लागला. "मी आलो. खाली दुकान आहे. लाकडी जिना चढलो. भिंत पांढरी, चुन्याची. माझी लेक दारात उभी होती, आणि मी काही बोलायच्या आधीच तिने माझी एक चूक काढली..."

"थांबा, थांबा." शिवण खाटेवर टाकल्याचा आवाज आला. "अहो, हे आपलं घर झालं."

"मग?"

"मग काय? त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. भिंत हिरवी. आणि मूल मुलगा आहे. सगळं पुस्तक त्या घरावर उभं आहे. शेवटच्या पानावर तो भलत्याच दारात शिरला, तर लोक पुस्तक माझ्या तोंडावर फेकतील."

"एवढं एक चालवून घे. माझ्यासाठी."

"दुसरं काहीही मागा. हे खोटं होईल."

टिल्लू दाराला टेकून ऐकत होती. "आई बरोबर म्हणतेय, बाबा," ती म्हणाली. "एकाच माणसाची दोन घरं कशी असतील?"

त्याला वळून दोघींकडे बघायचं होतं. मान वळेना. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर, बरोबर खांद्याच्या उंचीवर, एक फोड आला होता. सकाळी नव्हता. तो बघत असतानाच दुसरा आला, आणि चुन्याची एक पापडी सुटून त्याच्या गुडघ्यावर पडली. पापडीखालचा रंग त्याला दिसला.

मग त्याने सांगितलं. पहिल्या पायरीपासून दारापर्यंत सगळं. त्याला थांबता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर, थांबावंसंही वाटत नव्हतं. सांगून झालं तेव्हा मागे बायको रडत होती. गोष्टीसाठी ती आजवर कधी रडली नव्हती.

"उठा आता," ती म्हणाली. "आज दिवस मावळायच्या आत लिहून काढते."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं. वरून जेवणाचा वास येत होता. टिल्लू काहीतरी मोठ्याने वाचत होती, आणि तिची आई म्हणत होती, "ताटं घे गं, बाबा येतायत." ते त्याने कानांनी ऐकलं. तो जिना चढू लागला.

जिना वळला. त्यांचा जिना सरळ होता, त्याला वळण नव्हतं. तो पुन्हा वळला. पायाखाली लाकूड राहिलं नव्हतं, फरशी होती. वाचण्याचा आवाज अजून येत होता, पण खालून, आणि दर पायरीला आणखी खालून. चष्मेवाल्याने कठड्यावरून वाकून पाहिलं. तळाशी वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या.

त्याला दार वाजवावं लागलं नाही.

ती बाई पुढे आली. तिचं तोंड त्याने कधीच पाहिलं नव्हतं. ते ओढलेलं होतं, कपाळावर पांढरे केस. ती किंचाळली नाही, रडली नाही. बराच वेळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "चपला तिथे काढू नका. ओल आहे."

मुलगा धावत जिन्यात गेला आणि मजल्यामजल्यावर ओरडला, "आले! आले!" शेजारीपाजारी गोळा झाले. कुणी डोळे पुसत होतं. एका म्हाताऱ्याने पुढे होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे शहाण्या, इतकी वर्षं होतास कुठे?"

चष्मेवाल्याने ठरवलं, की आता खरं तेच बोलायचं. जबाब नाही, सोंग नाही. तो नीट, शुद्धीवर म्हणाला, "माझं चष्म्याचं दुकान आहे. वर माझं घर आहे. तिथे माझी बायको आहे, मुलगी आहे. त्या जेवायला थांबल्यात."

शेजारणींनी माना खाली घातल्या. एकीने दुसरीचा हात दाबला. म्हाताऱ्याचा हात त्याच्या पाठीवरून हळूच निघाला.

बाईने पदर तोंडाशी नेला. मग खाली घेतला. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "दुसरं घर असणार, हे मला पहिल्या वर्षीच वाटलं होतं." आणि मग फार हळू म्हणाली, "झालं ते झालं. सगळ्यांसमोर खरं बोललात, पुष्कळ झालं. आता आलात ना?"

चष्मेवाल्याने तोंड उघडलं, आणि त्याला कळलं, की ह्यापुढे आपण जे जे खरं बोलू, ते सगळं बायको टाकून गेलेल्या त्या माणसालाच शोभेल.

मुलगा त्याला चिकटून बसला होता. इतका घट्ट, की त्याच्या छातीतली धडधड चष्मेवाल्याला आपल्या बरगडीत लागत होती. आत्ता लगेच कसं उठणार? चार घास खाऊ. मूल झोपलं की निघू. नाहीतर उद्या सकाळी. बाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो हात धुवायला उठला.

आणि त्या घराचे दिवस पालटले. शेजारणी आता हळहळायच्या नाहीत, हेवा करायच्या. बाई भांडी मोठ्याने आपटायची, मुलावर ओरडायची, भाजीवाल्याशी हुज्जत घालायची, तिच्या अंगावर मांस धरलं. मुलगा रात्रभर शांत झोपू लागला, फक्त एक मूठ बापाच्या सदऱ्यात घट्ट रुतवून. दुपारी जेवणं झाली, की सगळी इमारत ऐकायची, तिसऱ्या मजल्यावर तिघं हसतायत. त्यांतलं एक हसू दर वेळी थोडं उशिरा यायचं. पण इतकी वर्षं वाट पाहिलेल्या बाईने तेवढं मनावर घेतलं नाही, आणि तिला तिचं सुख मिळालं.